उतार नेमका हवा, बाकी चालवून घ्या: गोव्यातल्या घराचं अंगण नव्याने मांडताना

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. वाळपई, सांगे या घाटाकडच्या भागांत त्याहूनही जास्त. घराबाहेर तुम्ही फरशी घाला, कुंपण घाला, बाग करा, बाकडं ठेवा, त्या प्रत्येक वस्तूला दरवर्षी या चार महिन्यांतून जावंच लागतं. चतुर्थीच्या आधी तेच अंगण बघा. जांभ्या दगडाचे चिरे शेवाळून काळे-हिरवे झालेले असतात, हौसेने लावलेलं एखादं रोप कुजलेलं असतं आणि कुणीही न लावलेला तेरडा भिंतीच्या कडेने फुललेला असतो.

म्हणून इथे नव्याने घर घेतलेल्यांना, किंवा वडिलोपार्जित घर उघडून परत राहायला आलेल्यांना माझं सांगणं आहे की चित्रातल्यासारखं अंगण करायचा हट्ट धरू नका. चार-पाच गोष्टींत मात्र तडजोड चालत नाही. त्या आधी ओळखायच्या, पैसा आणि लक्ष तिथे घालायचं आणि उरलेल्याला थोडं वाकडं, थोडं अपुरं राहू द्यायचं.

आधी एक पावसाळा बघा

घर ताब्यात आल्या आल्या गवंड्याला बोलावू नका. शक्य असेल तर एक पावसाळा अंगण जसं आहे तसंच ठेवा आणि छत्री घेऊन त्यात फिरा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे येतं का, तुमचं कुणाकडे जातं, हे एका कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून त्यावर बाणांनी दाखवा. नकाशा प्रमाणात नसला तरी चालेल.

कौलारू घर असेल तर पागोळ्या जिथे पडतात ती रेघ नीट बघा. छपराच्या कडेच्या बरोबर खाली जमिनीत ओळीने लहान लहान खळगे पडलेले दिसतात. प्रत्येक कौलाच्या पन्हळीचा एक खळगा. त्यांच्यातली माती धुऊन जाऊन बारीक खडे वर आलेले असतात आणि मागच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे उडालेले असतात. कुठल्या कोपऱ्यात खळगा जास्त खोल आहे यावरून छपराचं पाणी कुठे जास्त उतरतं ते कळतं. पुढच्या कामाची निम्मी माहिती या एका रेघेत मिळते.

उन्हाचंही तसंच. गोवा साधारण १५ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. थंडीत दिवसभर सावलीत असलेली उत्तरेची बाजू मे महिन्यात तापते. डिसेंबरात घर बघून ‘इथे नेहमी सावली असते’ असं ठरवून फुलझाडांची जागा पक्की केली, तर उन्हाळ्यात ती करपतात. पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या पायऱ्या आणि बाकं सगळ्यात जास्त भिजतात.

वर्षभर थांबायला वेळ नसेल तर शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. पाणी कुठपर्यंत चढतं, मे महिन्यात विहीर किती खाली जाते, जुनी पायवाट कुठून जाते. वाटेचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गावातल्या कितीतरी घरांच्या अंगणातून देवळाकडे, विहिरीकडे किंवा मागच्या घराकडे जायची वाट पूर्वीपासून असते. ती वाट मांडणीत धरूनच पुढे जा. कुंपण घालून बंद केली की वाद सुरू होतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

काय अचूक हवं

माझी यादी छोटी आहे. पाण्याचा उतार आणि निचरा. पायऱ्यांची सारखी उंची. बाहेरची वीज. मोठ्या झाडांचं घरापासूनचं अंतर. आणि परवाने.

पायऱ्यांचं आधी सांगतो, कारण लोक इथेच चालढकल करतात. चिरा ओबडधोबड असला तरी हरकत नाही, पण एक पायरी पाच इंचांची आणि दुसरी आठ इंचांची असेल तर ओल्या अंधारात पाय चुकतो. सगळ्या पायऱ्या साधारण सहा इंचांच्या ठेवा. बाहेरच्या दिव्यांची वायर पाईपातून न्या आणि त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवाच.

कुंपणाची भिंत बांधायला पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा परवाना लागतो. किनाऱ्याजवळ, नदीच्या किंवा खाडीच्या काठी घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम आधी तपासा. झाड तोडायचं असेल तर १९८४ च्या गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी घ्यावी लागते, झाड तुमच्या स्वतःच्या जागेत असलं तरी.

पाण्याला वाट

इथे मी रेंगाळणार आहे, कारण गोव्यातली बाहेरची जागा बिघडते ती मुख्यतः पाण्याने.

१०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला की वर्षाला सुमारे ३ लाख लिटर पाणी होतं. अंगणावर पडणारं पाणी वेगळंच. एवढं पाणी जिरवायचं किंवा बाहेर काढायचं तर घरापासून दूर जाणारा उतार हवा, दर तीन मीटरला निदान पाच सेंटिमीटर. तो डोळ्यांनी ठरवता येत नाही. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरून दोन टोकांना पातळी बघायची ही पद्धत अजून सगळ्यात भरवशाची आहे. काम चालू असताना दर संध्याकाळी त्या दिवशी घातलेल्या भागावर दोन घागरी पाणी ओता. पाणी कुठे घुटमळलं तर तेवढा भाग दुसऱ्या दिवशी, माल पक्का व्हायच्या आत, उचलून परत बसवायला सांगा.

पागोळ्यांच्या रेघेखाली दीड-दोन फूट रुंदीचा पट्टा खोदून त्यात खडी भरा. पाणी खडीवर पडलं की माती उडत नाही, भिंत कमी खराब होते आणि खळगे पडायचे थांबतात. तरीही थोडे तांबडे शिंतोडे उडणारच. दर ऑक्टोबरात पांढरा रंग मारत बसण्यापेक्षा भिंतीचा खालचा हातभर पट्टा गेरूच्या रंगात रंगवा, डाग त्यात मिसळून जातो. या मातीशी भांडून भिंत पांढरी राहत नाही.

खडीच्या पट्ट्यातलं पाणी उघड्या गटारीने शोषखड्ड्याकडे किंवा बागेच्या खालच्या अंगाला न्या. गटार उघडी असलेली बरी. झाकलेल्या गटारीत नारळाची तुसं, पानं आणि गाळ साठतो आणि ऐन जुलैत ती तुंबली की नेमकी कुठे तुंबली हे कळत नाही. शोषखड्डा सेप्टिक टँकपासून लांब घ्या, आणि सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झपाट्याने पसरतं.

न्हाणीघराचं पाणी मात्र वाया घालवू नका. इथल्या जुन्या घरांत ते केळी, अळू आणि माडाच्या बुंध्याशी सोडलेलं असतं. ही सोय नव्या घरातही सहज करता येते, फक्त पाणी उघड्यावर साचता कामा नये. कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटकी भांडी, ताडपत्रीच्या घड्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा. डेंग्यूचा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात.

पायाखालची जमीन

गवंडी बहुतेक वेळा सुचवेल की सगळं अंगण काँक्रीट करून टाकू, एकदाच काम होऊन जाईल. नाही म्हणा. काँक्रीट तापतं, पाणी जिरू देत नाही, आणि मुळांनी किंवा खचलेल्या भरावाने तडा गेला की तो बुजवलेला कायम दिसतो. गाडी उभी करायची तेवढीच जागा पक्की करा, तीही चाकांच्या दोन पट्ट्यांपुरती पुरते.

चिरे हा इथला घरचा दगड. खाणीतून काढल्यावर तो त्यामानाने मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो. रेतीच्या थरावर चिरे मांडून सांध्यांत मातीच भरली तर पावसाळ्यात सांध्यांतून गवत आणि नेचे उगवतात. नव्या माणसाला हे अस्वच्छ वाटतं. माझं मत उलट आहे. सांध्यांतलं गवत माती धरून ठेवतं आणि चिरा खचला तर तो उचलून खाली मूठभर रेती टाकून परत बसवता येतो. पहिल्या पावसाळ्यानंतर काही चिरे खचणारच, ते धरूनच चला. याच कारणासाठी पेव्हर ब्लॉक घालणार असाल तर तेही सिमेंटमध्ये बसवू नका.

शेवाळाबद्दल माझा नियम साधा आहे. ज्यावरून चालायचं तिथलं काढायचं, बाकीचं ठेवायचं. पायवाट, पायऱ्या आणि विहिरीचा काठ काथ्याच्या ब्रशाने घासून घ्या, थोडी ब्लीचिंग पावडर लावली तर चालते, पण ती झाडांच्या मुळाशी आणि विहिरीत जाऊ देऊ नका. कुंपणाच्या गडग्यावरचं शेवाळ खरवडायचं कारण नाही. ऑगस्टात एखाद्या जुन्या चिऱ्यावर जवळून नजर टाका. दगडाच्या तांबड्या छिद्रांत शेवाळाची मखमल, तिच्यातून वर आलेला नखाएवढा नेचा, त्याच्या पानाच्या टोकाला अडकलेला पाण्याचा थेंब. हे पैसे देऊन करून घेता येत नाही.

घराच्या दुरुस्तीत फुटलेल्या फरश्या आणि बशा फेकू नका. गोव्यातल्या जुन्या घरांत चिनी मातीच्या तुकड्यांची जमीन आणि बाकं असतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहेत. तुळशी वृंदावनाभोवतीचा चौथरा किंवा बसायचा कट्टा असा करता येतो. तुकडे गवंड्याला आकारात कापायला लावू नका, मिळतील तसे बसवा, फक्त कडा वर येणार नाहीत हे हात फिरवून बघा. जुनी मंगळुरी कौलं वाफ्याच्या कडेला उभी पुरली की सुरेख दिसतात.

मातीचं अंगण ठेवायची तयारी असेल तर त्याहून चांगलं काही नाही. पावसाळा संपला की अंगण उकरायचं, सपाट करायचं, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचं आणि शेणाने सारवायचं. तुळशीच्या लग्नापर्यंत अंगण तयार होतं, आणि पुढच्या पावसात ते पुन्हा विस्कटतं. दरवर्षी नव्याने करायची ही रीत आपल्याकडे पूर्वापार आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

हिरवळीचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी स्पष्टच सांगतो, इथे लॉन लावू नका. जुलैत ते सडतं आणि फेब्रुवारीपासून त्याला रोज पाणी लागतं, नेमकी विहीर खाली जायच्या दिवसांत. जूनमध्ये आपोआप उगवणारं गावठी गवत महिन्यातून एकदा कापा. डिसेंबरात ते पिवळं पडेल, पडू द्या.

गडगा

कुंपणाला कोरडा गडगा, म्हणजे माल न घालता रचलेला चिऱ्यांचा बांध, अजून उत्तम. पाणी त्यातून झिरपून जातं. सिमेंटची पक्की भिंत घालायची झाली तर तळाशी दर काही फुटांवर पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने ती कलते. चिऱ्यांच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा गिलावा टाळा. आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. उघडा चिरा ठेवा किंवा चुना मारा.

झाडं: आहेत ती आधी

नवं रोप आणण्याआधी असलेल्या प्रत्येक झाडाचं नाव माहीत करून घ्या. थंडी-उन्हाळ्यात निष्पर्ण दिसणारं कुठलंच झाड काढायची घाई करू नका आणि उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसणारी वेलही मुळासकट उपटू नका. मागच्या परसात एखादं भिरंडीचं (कोकमाचं), बिमलाचं, बकुळीचं झाड वाकडं वाढलेलं असेल तर वाट त्याला वळसा घालून न्या. वळणाची वाट सरळ वाटेपेक्षा बरी दिसते, आणि तयार झाडाची सावली विकत मिळत नाही.

तुळशी वृंदावनालाही हेच लागू. ते अंगणाच्या बरोबर मध्यावर नसेल, दरवाजाच्या रेषेत नसेल, तरी ते हलवू नका. बाकीची मांडणी त्याच्याभोवती करा.

माडाखाली बाकडं किंवा झोपाळा ठेवू नका. पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्याला, वेळेवर बोलावून नारळ आणि वाळलेल्या झावळ्या काढून घ्या. नवा माड लावायचा तर दोन माडांत साडेसात मीटर अंतर लागतं, आणि घरापासूनही तितकं ठेवलं तर पुढे डोकेदुखी होत नाही. फणस-आंबा त्याहून लांब.

इथली तांबडी माती आम्ल असते आणि उतारावर तिचा वरचा थर लवकर वाहून जातो. म्हणून खड्ड्यात शेणखत भरपूर घाला आणि जमीन उघडी ठेवू नका. पालापाचोळा, नारळाची सोडणं, सुपारीची झापं बुंध्याभोवती पसरा. पानं जाळणं तर पूर्णपणे बंद करा. दिसायला हे पसाऱ्यासारखं असतं, पण कुळागरातल्या, म्हणजे इथल्या पारंपरिक मिश्र बागेतल्या, मातीचा कस याच पसाऱ्यामुळे टिकतो. कुळागरात माड, पोफळी, मिरी, केळी एकमेकांच्या सावलीत वाढतात, कुठेही सरळ वाफे नसतात. फोंडा किंवा सत्तरीत एखादं कुळागर बघून या, घरच्या परसासाठी त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

फुलझाडांत अबोली अर्ध्या सावलीत छान येते. सोनटक्का आणि कर्दळ पाणथळ कोपऱ्यात लावा, जिथे इतर काही तग धरत नाही. जास्वंद, तगर, अनंत, पारिजात कुठेही रुजतात. किनाऱ्याजवळ खारा वारा असेल तर चाफा आणि बोगनवेल यांच्यापासून सुरुवात करा. रोपं आणि मातीच्या कुंड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात. पण शेजारच्या घरी वाढलेल्या झाडाची फांदी मागून आणणं सगळ्यात उत्तम, ते झाड तुमच्या वाड्यावर जगतं हे आधीच सिद्ध झालेलं असतं.

लागवडीसाठी खड्डे मे महिन्यात करून ठेवा आणि जूनचे पहिले पाऊस पडून जमीन गार झाली की रोप लावा. काही मरतील. मेलेल्या जागी तेच रोप पुन्हा लावण्याआधी मूळ उकरून बघा: कुजलं असेल तर जागा पाणथळ आहे, वाळवीने खाल्लं असेल तर उपाय वेगळा.

आणि एक कोपरा मोकळा सोडा. तिथे काही लावू नका, काही कापू नका. तेरडा, रानहळद, नेचे, काय येईल ते येऊ द्या. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफुला-फळांची सजावट, बांधायची असेल तर निम्मं सामान अशा कोपऱ्यातच सापडतं. दोन पथ्यं मात्र पाळा. हा कोपरा दारापासून आणि खिडक्यांपासून लांब हवा, आणि त्यात कौलांचे किंवा लाकडांचे ढीग टाकू नका, कारण त्यात साप आसरा घेतात. रानमोडी आणि पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी दिसली तर उपटा. त्या राहिल्या तर दुसरं काही उगवू देत नाहीत.

बसायची जागा

बलकांव, म्हणजे दारापुढचा बाकांचा ओटा, असेल तर तुमचं काम झालेलं आहे. त्याची दगडी बाकं फक्त स्वच्छ करा, वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवू नका, ते ओलं झालं की निसरडं होतं. लाकडी बाकाचे पाय थेट मातीत टेकवू नका, खाली चिरा द्या. साग बाहेर राहिला की करडा पडतो, त्याने तो कमजोर होत नाही. वेताच्या खुर्च्या जूनआधी आत घ्या. उन्हाळ्यापुरती सावली हवी असेल तर पक्क्या पत्र्यापेक्षा माटव घाला, बांबू आणि विणलेल्या झावळ्यांचा. पाऊस आला की काढून टाका.

कामाचा क्रम आणि पैसे

बांधकाम नोव्हेंबर ते मार्च. गटारी, खडी आणि खड्डे एप्रिल-मे. लागवड जून. मग चतुर्थीपर्यंत काही करू नका.

ठरवलेल्या पैशातला निदान चौथा हिस्सा पहिल्या पावसाळ्यानंतरसाठी बाजूला ठेवा. गवंड्याला कामाच्या पहिल्या दिवशी मीटरभर चौकोनाचा नमुना घालायला सांगा आणि तो बघून बोला: सांधे वाकडे चालतील, रंग कमी-जास्त चालेल, उतार चुकलेला चालणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर तो सांधे कोरण्यात दिवस घालवतो आणि उताराकडे दुर्लक्ष होतं. चांगला कारागीर हे ऐकून मोकळा होतो आणि पुढचं काम झपाट्याने करतो.

ऑक्टोबर उजाडला की तोच जुना नकाशा घेऊन पुन्हा एक फेरी मारा. खचलेले चिरे, तुंबलेली जागा, मेलेली रोपं आणि आपोआप उगवून आलेली झाडं, सगळं त्यावर लिहा. आधी पाण्याच्या खुणा दुरुस्त करायच्या. आपोआप आलेल्यांपैकी वाटेत येतील तेवढीच हलवा, आणि तीही जमीन अजून ओलसर आहे तोवर, दिवाळीच्या आत.